छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल पुन्हा पुन्हा का जातो : ओढकामातील चुका आणि त्यांवरील उपाय

तासगाव तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत २४ हॉर्सपॉवरचा, फोर व्हील ड्राइव्हचा छोटा ट्रॅक्टर आहे. तीन वर्षांत त्याचा पुढचा ॲक्सल दोनदा खोलावा लागला. पहिल्या वेळी उजव्या चाकाजवळच्या बेव्हल गिअरचे (फिरणे काटकोनात वळवणाऱ्या दातेरी चाकाचे) तीन दात तुटलेले निघाले. दुसऱ्या वेळी डाव्या बाजूचे ऑइल सील गेले, चिखलाचे पाणी आत शिरले आणि बेअरिंगबरोबर पिनियनही (जोडीतला लहान गिअर) खराब झाला. दोन्ही वेळा मिस्त्रींनी सुटे भाग बदलून दिले, ट्रॅक्टर चालू झाला आणि आम्ही कामाला लागलो. पण दात कशाने तुटले हा प्रश्न दोन्ही वेळा तसाच राहिला. आजूबाजूच्या बागायतदारांकडे चौकशी केली तेव्हा हीच तक्रार अनेकांची असल्याचे समजले, आणि ॲक्सल बहुतेक वेळा फळछाटणीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत, फवारणी एक दिवसही मागे ठेवता येत नाही अशा काळात जातो, हेही लक्षात आले. ट्रॅक्टर चार दिवस उभा राहिला की बाग डावणी या बुरशीच्या रोगाच्या तोंडी जाते, त्यामुळे हा विषय केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा नाही.

तिसऱ्या वर्षी पुन्हा वळणावर टकटक आवाज येऊ लागला, तेव्हा ॲक्सल खोलण्याआधी आम्ही आमच्या कामाची पद्धतच तपासली. त्यातून माझे मत असे झाले की पुढचा ॲक्सल नुसत्या ओझ्याने सहसा मोडत नाही. पुढची आणि मागची चाके एकमेकांविरुद्ध ओढू लागतात तेव्हा तो मोडतो, आणि मागे ओझे असले की ही ओढाताण कितीतरी वाढते.

दात नेमके कशाने तुटतात

या ट्रॅक्टरमध्ये फोर व्हीलचा लिव्हर टाकला की गिअरबॉक्समधून निघणारा शाफ्ट पुढच्या ॲक्सलशी थेट जोडला जातो. पुढच्या दोन चाकांमध्ये डिफरेन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) असते, मागच्या दोन चाकांमध्येही असते. पण पुढची जोडी आणि मागची जोडी यांच्यातला वेगाचा फरक सामावून घेणारे काहीच नसते. शिवाय पुढची चाके जमिनीवर मागच्या चाकांपेक्षा किंचित जास्त अंतर कापतील, अशी गिअरची रचना मुद्दाम केलेली असते. हा फरक साधारण १ ते ५ टक्के असतो आणि त्याच्याच बळावर पुढची चाके चिखलातून ट्रॅक्टर ओढून काढतात. ओल्या रानात टायर थोडासा घसरतो आणि हा फरक मातीत जिरून जातो. डांबरावर, काँक्रीटवर किंवा दाबून बसलेल्या मुरमाच्या पाणंदीवर टायर घसरत नाही. फरक ३ टक्के धरला, तर १०० मीटर अंतरात पुढची चाके ३ मीटर पुढे जाऊ पाहतात आणि मागची चाके त्यांना सोडत नाहीत. ते ३ मीटर शाफ्टच्या पिळात, गिअरच्या दातांवरच्या दाबात आणि टायरच्या झिजेत जातात.

वळणावर याच्या उलट घडते. पुढची चाके मोठ्या वर्तुळावरून जातात, त्यांना रचनेत ठरवून दिलेल्या फरकापेक्षा बरेच जास्त फिरायचे असते आणि आता गिअरच त्यांना रोखून धरतात. म्हणजे सरळ रस्त्यावर दाताच्या एका अंगावर दाब येतो आणि वळणावर दुसऱ्या अंगावर. तार दोन्हीकडे वाकवून वाकवून तोडावी, तसे दाताच्या बुडाशी हे चालू राहते.

यात ओझ्याची भर अशी पडते की ट्रॉलीच्या किंवा ब्लोअरच्या (मागे ओढायच्या फवारणी यंत्राच्या) दांडीचे वजन हिचवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या जोडणीवर, आले म्हणजे मागचे टायर दबतात, दबलेला टायर एका फेऱ्यात कमी अंतर कापतो आणि पुढच्या-मागच्या चाकांतला फरक आणखी वाढतो. ब्लोअरच्या ६०० लिटरच्या टाकीत पाणीच ६०० किलो असते, यंत्राचे वजन वेगळे. आणि हे सगळे ओढणारा ट्रॅक्टर मॉडेलनुसार ६५० ते १००० किलोंचा असतो. मोठ्या ट्रॅक्टरला जे ओझे जाणवतही नाही, ते या ट्रॅक्टरला स्वतःच्या वजनाएवढे असते.

ट्रॅक्टरने ही गोष्ट आम्हाला रोज दाखवली होती. पावसाळी हवेत बाग ओली असल्यामुळे ड्रायव्हर सकाळी फोर व्हील टाकत असे आणि फवारणी संपवून डांबरी रस्त्याने शेडपर्यंत तसाच येत असे. शेडसमोर आल्यावर लिव्हर निघत नसे. मग तो बुटाच्या टाचेने लिव्हरला दोन-तीन लाथा घालायचा. ‘टण्ण’ असा आवाज होऊन लिव्हर सुटायचा आणि पुढची दोन्ही चाके जागच्या जागी बोटभर हलायची. तो आवाज आणि ती चाकांची हालचाल म्हणजे शाफ्टमध्ये साठलेला पीळ सुटत होता, हे दुसऱ्या दुरुस्तीच्या वेळी मिस्त्रींनी सांगितले. ते एवढेच म्हणाले, “लिव्हर सुटत नसंल तर लाथ मारू नका दादा, गाडी सरळ दोन हात मागं घ्या, आपसूक सुटतोय.” खरोखरच सरळ रेषेत चार-पाच फूट मागे घेतले की पीळ उलगडतो आणि लिव्हर बोटाने निघतो. लिव्हर जड जात असेल तर ट्रॅक्टर नको त्या जमिनीवर फोर व्हीलमध्ये चालला आहे, ही खूण कोणत्याही हत्याराशिवाय मिळते.

म्हणून पहिला आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे रान सोडून बांधावर आल्याबरोबर, रस्त्याला लागण्यापूर्वी, फोर व्हील काढणे. आम्ही लिव्हरच्या मुठीला लाल रंग दिला आहे आणि फोर व्हील टाकलेले असताना तो बसल्या जागेवरून दिसेल असा ठेवला आहे. ओळीच्या शेवटी वळायला जागा कमी असते, स्टिअरिंग शेवटपर्यंत मोडावे लागते. जमीन वाफशावर असेल आणि मागची चाके घसरत नसतील, तर तेथे फोर व्हीलची गरज नसते. गरज असेलच तर वळण एका दमात पूर्ण करण्याचा अट्टहास न धरता थोडे मागे-पुढे करून घ्यावे. पूर्ण मोडलेल्या स्टिअरिंगवर, मागे भरलेला ब्लोअर असताना ॲक्सिलरेटर दाबणे हे दातांसाठी सर्वांत वाईट.

टायरची मापे

आमच्या बाबतीत दुसरे कारण टायरमध्ये सापडले. पुढचे टायर लवकर झिजले म्हणून आम्ही फक्त पुढचे दोन नवे टाकले आणि मागचे अर्धे झिजलेले तसेच ठेवले. नवा पुढचा टायर मोठा, झिजलेला मागचा टायर लहान. म्हणजे फरक आणखी वाढला. उलट मागचे नवे आणि पुढचे गुळगुळीत असले तर पुढची चाके मागे पडतात, ट्रॅक्टर त्यांना फरफटत नेतो आणि फोर व्हीलचा उपयोगच उरत नाही. दुकानदाराने ‘तेवढं चालतंय’ म्हणून दुसऱ्या मापाचा टायर दिला असेल, तर गोष्ट याहून बिघडते.

हे घरच्या घरी मोजता येते. चारही टायरांत पुस्तिकेत दिलेली हवा भरावी, सपाट आणि टणक जागी मागच्या एका चाकावर आणि त्याच बाजूच्या पुढच्या चाकावर खडूने रेघ ओढावी. फोर व्हील काढून, सर्वांत हळू गिअरमध्ये, सरळ रेषेत मागच्या चाकाचे १० फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवावा आणि दुसऱ्या माणसाने बाजूने चालत पुढच्या चाकाचे फेरे अंश धरून मोजावेत. नंतर फोर व्हील टाकून तेच पुन्हा करावे. समजा, पहिल्या खेपेला पुढचे चाक १५.५ फेरे फिरले आणि दुसऱ्या खेपेला १६, तर वाढ अर्ध्या फेऱ्याची, ०.५ ला १५.५ ने भागून १०० ने गुणले की ३.२ टक्के येतात, आणि हे ठीक आहे. आमच्या ट्रॅक्टरचे उत्तर ७ टक्क्यांच्या जवळ आले. फरक ५ टक्क्यांच्या वर असेल किंवा शून्याच्या खाली, तर कितीही जपून चालवले तरी ॲक्सल टिकणार नाही. मोजणी झाल्यावर, मागे घेऊन पीळ सोडवायला विसरू नये. आम्ही मागचे टायर त्याच मापाचे नवे टाकले आणि टकटक त्या आठवड्यातच थांबली. दात वाचले होते, हे आमचे भाग्य.

पुढून साखळी लावून ओढणे

जुनी बाग काढताना खोडे उपटण्याचे काम निघते. मागे हिचला साखळी लावली की ड्रायव्हरला मान वळवून पाहावे लागते, म्हणून अनेक जण ट्रॅक्टरचे तोंड खोडाकडे करतात, पुढे साखळी अडकवतात आणि रिव्हर्समध्ये ओढतात. समोर दिसते, काम झपाट्याने होते. ॲक्सलच्या दृष्टीने यापेक्षा घातक पद्धत मला माहीत नाही. पुढे जाताना ट्रॅक्टरने मागचे ओझे ओढले की वजन मागच्या चाकांवर जाते, आणि मागचा ॲक्सल त्यासाठीच जाड आणि मोठ्या गिअरचा केलेला असतो. रिव्हर्समध्ये पुढचे ओझे ओढताना तेच वजन पुढच्या चाकांवर येते, मागची चाके हलकी होऊन घसरू लागतात, आणि इंजिनची सगळी ताकद पुढच्या लहान गिअरांतून जाऊ पाहते. त्यात साखळी सैल ठेवून हिसका दिला, तर आमच्या पहिल्या दुरुस्तीत दिसले तेच होते. तो प्रसंग मला नीट आठवतो. ९ वर्षांच्या बागेतले जाडजूड खोड होते, दोन हिसक्यांना ते हलले नाही, तिसऱ्या हिसक्याला खालून कडकन आवाज आला आणि आम्हाला वाटले मूळ तुटले.

ओढायचे ते मागूनच, आणि साखळी ड्रॉबारलाच (मागच्या खालच्या ओढपट्टीला) अडकवलेली असावी. टॉप लिंकच्या (अवजार जोडायच्या वरच्या दांडीच्या) ठिकाणी किंवा मागच्या ॲक्सलच्या मध्यापेक्षा उंच कोठेही साखळी बांधली, तर ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन चालकाच्या अंगावर उलटू शकतो. आणि उलटला नाही, तरी उचललेले पुढचे टोक आपटते तेव्हा सगळा दणका मधल्या पिनवर (जिच्यावर पुढचा ॲक्सल झुलतो) आणि चाकाच्या मध्यावरच्या हबवर बसतो. सर्वांत हळू गिअर टाकून आधी साखळी ताणून घ्यावी, मग क्लच सावकाश सोडावा. ट्रॅक्टर जागेवर चाके फिरवू लागला की थांबावे आणि खोडाभोवतीची माती काढावी, मुळे तोडावीत. जवळपास माणसे उभी राहू देऊ नयेत, कारण तुटलेली साखळी कोठे जाईल याचा भरवसा नसतो.

चिखलात रुतलेला ट्रॅक्टर बाहेर काढतानाही हीच चूक होते. घाईत साखळी थेट पुढच्या ॲक्सलभोवती गुंडाळली जाते. ॲक्सलची घडण ओतीव लोखंडाची असते, ती एका बाजूने ओढ खाण्यासाठी नसते. आणि साखळी थोडी सरकली की टाय रॉड (पुढची दोन्ही चाके एकत्र वळवणारा दांडा) वाकतो. पुढच्या वजनांच्या ब्रॅकेटला किंवा चासीला हूक असतो, तो याच कामासाठी दिलेला असतो.

उतारावरची ट्रॉली

येथे सल्ला थोडा बदलतो, म्हणून हा भाग नीट वाचावा. माझे मामेभाऊ वाई तालुक्यात शेती करतात; त्यांच्याकडे सपाट रान कमी आणि उतार जास्त. त्यांच्या छोट्या ट्रॅक्टरचाही ॲक्सल दोनदा गेला, आणि दोन्ही वेळा भरलेली ट्रॉली उतारावरून आणताना. या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांवर असतात. उतारावर ट्रॉली मागून ढकलते, वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात आणि ब्रेक दाबला तरी घसरत जातात. फोर व्हील टाकलेले असेल तर पुढची चाकेही शाफ्टमधून रोखली जातात आणि ट्रॅक्टर आवरतो. पण मग रोखण्याचा बराचसा भार पुढच्या गिअरवर येतो.

मातीच्या उतारावर ॲक्सल वाचवायचा म्हणून फोर व्हील काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ॲक्सल बदलून मिळतो. उपाय ओझ्यात आणि वेगात आहे. उतार सुरू होण्यापूर्वीच हळू गिअर टाकावा, मध्ये बदलू नये, न्यूट्रल कधीही करू नये, दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेली असावीत आणि इंजिनलाच ट्रॅक्टर रोखू द्यावा. ओझ्याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. अर्धा ब्रास मुरूम म्हणजे ५० घनफूट. कोरडा असला तरी सव्वादोन टनांच्या आसपास भरतो, आणि ओला असला तर त्याहून अधिक. एक टनाच्या आतला ट्रॅक्टर ब्रेक नसलेल्या ट्रॉलीत हे घेऊन उतरतो, तेव्हा तो ओढत नसतो, ढकलला जात असतो. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर उताराच्या वाटेवर भरलेल्या ट्रॉलीचे एकूण वजन ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त होऊ न देणे बरे. दोन खेपा जास्त होतील. डांबरी घाटात तर छोट्या ट्रॅक्टरला जड ट्रॉली लावूच नये. तेथे फोर व्हील टाकले तर वळणावळणाला पीळ बसतो, काढले तर ब्रेक पुरत नाहीत. भाड्याने मोठा ट्रॅक्टर बोलवावा.

पुढची वजने आणि काटा

मागे रोटाव्हेटर उचलला की पुढचे तोंड हलके होते, म्हणून पुढे वजने लावतात. ती योग्यच आहेत. स्टिअरिंग हाताला यायचे असेल तर एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा लागतो. मात्र रोटाव्हेटर काढल्यावरही ती वजने वर्षभर तशीच राहतात आणि प्रत्येक बांधावर, प्रत्येक खड्ड्यात ॲक्सलला आपटत राहतात. आपल्या भागात साखर कारखान्यांमुळे वजनकाट्यांची वाण नाही. एकदा अवजारासह संपूर्ण ट्रॅक्टर आणि नंतर फक्त पुढची चाके काट्यावर घेऊन वजन करून पाहावे. वजने किती लावायची याचा वाद तेथेच मिटतो. बांध ओलांडताना तिरके जाऊ नये. एक चाक वर आणि एक खाली अशा स्थितीत ॲक्सल मधल्या पिनवर झुलून टोकाच्या अडसरावर आदळतो आणि तेथूनच ओतकामाला चीर जाते.

तपासणी

चिखलात काम असेल तेव्हा मधल्या पिनला रोज ग्रीस द्यावे, एरवी ५० तासांनी. जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत गन मारावी, कारण आत गेलेली माती त्याच्याबरोबरच निघते. मागच्या चाकांना दगड लावून, पुढचा भाग जॅकने उचलून घोडीवर ठेवावा आणि चाक वरून-खालून धरून हलवावे. हबजवळ ढिलाई जाणवली तर बेअरिंग. संपूर्ण ॲक्सल मागे-पुढे सरकला तर मधल्या पिनचा बुश. मग इंजिन बंद ठेवून, गिअर आणि फोर व्हील टाकून, एक पुढचे चाक हाताने हळू फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने सारखे फिरले पाहिजे. मध्ये अडखळले, दाताने उडी मारली किंवा हाताला कट्ट असे लागले, तर फवारणी अर्ध्यावर असली तरी ट्रॅक्टर फोर व्हीलमध्ये चालवू नये. फोर व्हील काढून, ब्लोअर अर्धा भरून वेळ निभवावी. ॲक्सलचे ऑइल दुधासारखे दिसले तर पाणी शिरले आहे, आणि सील बदलून ऑइल टाकल्याशिवाय पुढे जाऊ नये. आमचा दुसरा बिघाड एवढ्याच दुर्लक्षाचा होता. चाकाजवळ तेलकट चिखल तीन आठवडे दिसत होता आणि आम्ही तो पुसत होतो.

दुरुस्ती करावीच लागली तर पिनियन आणि त्याच्याशी जुळणारा गिअर जोडीनेच बदलावा, दातांतली फट शिम (पातळ चकत्या) लावून बसवायला सांगावे, आणि चीर गेलेल्या ओतीव घडणीला वेल्डिंग करून वेळ मारून नेऊ नये. जुने गिअर मात्र भंगारात टाकण्यापूर्वी मागून घ्यावेत. तुटलेल्या दाताची जागा सगळीकडे खरखरीत, करड्या दाण्याची असेल तर तो एका हिसक्यात तुटला. तेथे गुळगुळीत, काळसर, अर्धचंद्रासारखा भाग असेल आणि उरलेलाच खरखरीत असेल, तर चीर जुनी होती आणि ती रोज थोडी थोडी वाढत होती. आमच्या पहिल्या गिअरच्या तीन दातांपैकी दोन असे निघाले. खोड ओढताना तुटले ते शेवटचे. आधीचे दोन आम्ही डांबरी रस्त्यावर, महिनोन् महिने, लाथ मारून लिव्हर काढत तोडत आणले होते. तो गिअर शेडमधल्या फळीवर ठेवला आहे आणि नवा ड्रायव्हर कामावर आला की लिव्हर समजावून सांगण्याआधी मी तो त्याच्या हातात देतो.